शब्दचर्चा: 'रँडम व्हायब्रेशन'ला मराठीत काय म्हणावं?

जुळे सोलापूर: डिप्लोमाच्या पोरांसाठी सिम्युलेशनच्या सेटिंग्जचं टिपण मराठीत करतोय. 'यादृच्छिक कंपन' लिहिलं, तर एकानं विचारलं, "सर, म्हणजे मशीन मनाला येईल तसं हलतं का?" 'अनियमित' चालेल का? मोड (वस्तूची आपल्या नैसर्गिक वारंवारितेला थरथरण्याची तऱ्हा), डॅम्पिंग (कंपन विझवणारा गुण), सिग्मा यांचं काय करू?

अक्कलकोट रोड: 'अनियमित' नको. त्यात तक्रारीचा सूर आहे. सोलापुरात अनियमित म्हटलं की आधी नळच आठवतो. 'यादृच्छिक' यदृच्छेवरून आलाय. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्टः' म्हणजे न मागता, आपसूक मिळेल त्यात समाधानी. पुढच्या क्षणी धक्का केवढा बसेल ते सांगता येत नाही, इतकंच इथं म्हणायचंय. कोणत्या वारंवारितेला सरासरी किती जोर, ते मात्र ठरलेलं असतं. तोच पीएसडीचा, म्हणजे पॉवर स्पेक्ट्रल डेन्सिटीचा आलेख.

होटगी रोड: पोरांना यंत्रमाग दाखवा की. मिनिटाला १५० पिक, म्हणजे धोट्याच्या फेऱ्या, असतील तर ठोका सेकंदाला अडीच वेळा, म्हणजे २.५ हर्ट्झ आणि त्याच्या पटी. हे आवर्ती कंपन, त्याला हार्मोनिक विश्लेषण लावायचं. तोच माग ट्रकवर चढवून विजापूर रोडनं न्या, मग यादृच्छिक. मागाच्या ब्रॅकेटला सरसकट पीएसडी लावणारे मी पाहिलेत. उत्तर येतं, पण ते भलत्याच प्रश्नाचं.

सात रस्ता: मोडला 'कंपनरूप' छान वाटतं, पण मेनूत मोडच दिसणार, तेव्हा मोडच ठेवा. खरा घोळ घालतो तो 'मोड सिग्निफिकन्स लेव्हल' या सेटिंगचा 'मोडची सार्थकता पातळी' असा अनुवाद. पोरांना वाटतं आकडा वाढवला की अचूकता वाढते. आहे उलटं: शून्यावर सगळे मोड धरले जातात, आकडा चढेल तसे मोड गळत जातात. 'गाळणीची मर्यादा' म्हणा, चटकन कळेल. आणि हे मोड आधीच्या मोडल विश्लेषणातूनच, म्हणजे मोड शोधायच्या पायरीतूनच येतात. पीएसडी ५०० हर्ट्झपर्यंत असेल तर मोड ७५०पर्यंत तरी काढून ठेवा. तिथं काढलेच नाहीत तर इथं गाळायला काय राहणार?

जुळे सोलापूर: आणि डॅम्पिंग? कोशात 'अवमंदन' आहे.

अक्कलकोट रोड: एकदा 'अवमंदन' लिहा, पुढे डॅम्पिंग. शब्दापेक्षा आकड्याकडे बघा. १०० हर्ट्झचा एकच मोड, पीएसडी सपाट ०.०१ जी-वर्ग प्रति हर्ट्झ (जी म्हणजे गुरुत्वत्वरण). डॅम्पिंग १ टक्का धरलं तर माइल्सच्या सूत्रानं आरएमएस त्वरण (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) सुमारे ८.९ जी येतं. ४ टक्के धरलं तर ४.४. चौपट डॅम्पिंगला उत्तर निम्मं. म्हणून सॉफ्टवेअरच्या डॅम्पिंगच्या रकान्यात आयता आलेला आकडा कुठून आला हे लिहिल्याशिवाय टिपण पुरं नाही.

सात रस्ता: सिग्माला 'प्रमाण विचलन' म्हणतात, पण रिपोर्टात सिग्माच लिहा. १ सिग्माचा ताण म्हणजे जास्तीत जास्त ताण नव्हे! ६८.२७ टक्के वेळ ताण त्या मर्यादेत राहतो, ३ सिग्माच्या आत ९९.७३ टक्के. शिवाय सिग्माच्या ताणाला चिन्ह नसतं, ओढ की दाब ते कळत नाही. म्हणून दोन ठिकाणचे आकडे सरळ वजा करून फरक काढू नये.

जुळे सोलापूर: मग यादृच्छिक, मोड, डॅम्पिंग, सिग्मा. ठरलं. पीएसडीचा तक्ता जी-वर्गात देऊ की मीटर प्रति सेकंद-वर्ग या एककाच्या वर्गात?

होटगी रोड: सॉफ्टवेअर मागेल तसा. फक्त जी वर्गात आहे, तेव्हा बदलताना ९.८१ने नाही, ९६.२नं गुणायचं.