जुना फेंडर बेस गिटार घ्यायचाय, विकणारे काका १९६२ चा म्हणतायत, खरं असंल का?

खर्जवाला_सोलापूर:
मंडळी, सात रस्त्याकडं एका काकांचा बेस बघून आलो. पूर्वी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता बोटं साथ देत नाहीत म्हणून विकतायत. फेंडर जॅझ बेस, सनबर्स्ट रंग, मेपलची मान, वर पांढरे चौकोनी ठोकळे, मागं मान जोडायच्या प्लेटवर मोठा एफ आणि सहा आकडी नंबर. काका छातीठोक ६२ चा म्हणतायत आणि अडीच लाख सांगतायत. गाडी विकावी लागंल ओ मला. पुण्याला दाखवायला न्यायचा तर बेस घराबाहेर काढू देत नाहीत. इथं कुणी जाणकार आहे का, नाहीतर काय काय बघू ते तरी सांगा.

तुटकी_तार:
नंबर नेटवर टाक, साल कळतंय की लगेच.

जुनं_लाकूड:
नंबरवर जाऊ नको बे. प्लेट काय, स्क्रू काढले की पाच मिनिटात बदलती. तू सांगितलंस त्यावरनंच ६२ चा नाही ते कळालं. ६२ ला जॅझ बेसच्या मानेवर रोझवूडचीच पट्टी यायची आणि त्यावर गोल ठिपके, ठोकळे १९६६ ला आले. मोठा एफ पण १९६५ ला सीबीएस कंपनीनं फेंडर विकत घेतल्यानंतरचा. मानेला स्क्रू किती ते मोज. आणि काकांसमोरच कंट्रोल प्लेट उघड, पॉटच्या (आवाज कमीजास्त करायच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचे आकडे फोटो काढून आण. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. बेस त्या तारखेच्या आधीचा असूच शकत नाही, नंतरचा असू शकतोय.

खर्जवाला_सोलापूर:
परत जाऊन आलो, काकूंनी शेंगाचटणी भाकरी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. स्क्रू तीनच आहेत! दोन पॉटवर १३७७५१२, तिसरा वेगळा, त्याचं सोल्डरिंग चकचकीत. हेडस्टॉकवर, म्हणजे मानेच्या टोकाला, गोळीसारखा नट.

जुनं_लाकूड:
म्हणजे १९७५ चा बारावा आठवडा. तीन स्क्रू, गोळी, ठोकळे, सगळं ७५ च्या आसपासच जुळतंय, त्यामुळं बेस नकली वाटत नाही, साल तेवढं चुकलंय. पण भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, ६२ वाले वेगळ्याच बाजारात विकतात. एक पॉट बदलला तर थोडंच कमी होतं, रंग परत मारलेला निघाला तर मात्र जवळपास निम्मा भाव धर. पिकअपखाली (तारांचा आवाज पकडणारा भाग) आणि मान बसते त्या खाचेत बघ, दुसऱ्या रंगाचा थर दिसतोय का. आणि तीन स्क्रूची मान बाजूला सरकते, सगळ्यात बारीक (G) तार कडेवरनं घसरती का ते वाजवून बघ. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मान वाकलेली पण असंल, पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार दाबून मधली फट बघ.

खर्जवाला_सोलापूर:
मान सरळ आहे, खाचेत एकच रंग. आता काकांना कसं सांगू? चाळीस वर्षं ६२ चा म्हणून सांभाळलाय त्यांनी.

तुटकी_तार:
पॉटचा फोटो दाखव आणि गप बस. बोलायचं काम काकूंवर सोड.