अमेरिकेतनं आलेलं डीएनए किट, थुंकी द्यावी का?

शहापूरकर:
नमस्कार मंडळी, मी बेळगावचा. मामेभाऊ कॅलिफोर्नियातनं गणपतीला आलाय, येताना डीएनए किट घेऊन आला, नळीत थुंकायचं, जाताना तो घेऊन जाणार आणि मग पूर्वज कुठले, जगात पाव्हणे कोण कोण ते कळतंय म्हणे. आजोबा चंदगडकडनं आले एवढंच ठाऊक असल्यानं आमचे आप्पा एकदम तयार. मला मात्र धास्ती वाटतेय, हे सगळं पोलिसांच्या हाती लागू शकतंय का?

निपाणीकर:
लागू शकतंय की, आणि त्यासाठी तुम्ही गुन्हा केलेला असायला लागत नाही. 2018 ला कॅलिफोर्नियात गोल्डन स्टेट किलर म्हणून ओळखला जाणारा खुनी सापडला, त्यानं स्वतः कधी थुंकी दिली नव्हती. पोलिसांनी जुन्या गुन्ह्यातलं डीएनए जीईडीमॅचसारख्या वंशावळीच्या साइटवर टाकलं, लांबची भावंडं जुळली, तिथनं घराणं मांडत त्याच्यापर्यंत पोचले.

खानापूरची_माई:
मग चांगलंच झालं की! बायकांवर अत्याचार करणारा चाळीस वर्षांनी सापडला, त्या बायांचा विचार करा आधी.

कोर्ट_कचेरी:
माई, ते खरंच आहे, मी पण त्याच्या विरोधात नाही. लोकांना विचारून घेतलं का, प्रश्न एवढाच आहे. 2019 ला जीईडीमॅचनं नियम बदलला, ज्यानं होय म्हटलंय त्याचंच पोलिसांना दाखवायचं, पण हे कंपनीचे नियम, उद्या परत बदलतील. ट्वेंटीथ्री अँड मी ही असली किट विकणारी अमेरिकेतली कंपनी 2025 ला दिवाळखोरीत गेली तेव्हा लाखो लोकांच्या डेटाचं आता काय होणार म्हणून केवढी घालमेल झाली. आपल्याकडं 2022 चा कायदा आहे, अटक झालेल्याचे जैविक नमुने घेता येतात (लहान गुन्ह्यात नकार देता येतो, बाई किंवा मुलाविरुद्धचा गुन्हा नसेल तर), नोंद 75 वर्षं ठेवायची. डीएनएसाठी वेगळं विधेयक आणलेलं ते 2023 ला मागं घेतलं.
आणि शहापूरकर, आप्पांची थुंकी म्हणजे तुमच्या आत्त्याचं, चंदगडच्या चुलत्यांचं पण थोडं थोडं त्यात जातंय. त्यांना कुणी विचारलंय का?

शहापूरकर:
हे डोक्यातच आलं नव्हतं बघा. आत्ता आत्त्याला फोन लावला, ती म्हणाली नातवंडांना विचारल्याशिवाय मी होय म्हणणार नाही. आप्पा जरा नाराज झालेत. किट कपाटात ठेवलंय.