फोर्झा होरायझन ५ (कार रेसिंगचा व्हिडिओ गेम) : १९७३ ची ९११ आरएस, थ्रॉटल सोडला की मागून का सुटते?

तिसरा_गिअर :
गाडी पोर्शे ९११ कॅरेरा आरएस, ए क्लास, ८०० पीआय (खेळ गाडीच्या क्षमतेला देतो ते गुण), रोड रेसिंग. इंजिन मूळचंच फ्लॅट-सिक्स, ड्राइव्ह मागच्या चाकांना. रेस सस्पेन्शन, रेस अँटी-रोल बार, रेस डिफरेन्शियल (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग), स्पोर्ट टायर. स्लायडरचे आकडे नेहमीच्या सूत्राने काढलेत : (कमाल − किमान) × त्या टोकाच्या वजनाचा वाटा + किमान. पुढे ४० टक्के वजन धरलं तर अँटी-रोल बार पुढे २६.६ आणि मागे ३९.४ येतो. स्प्रिंग आणि रिबाउंडही (डॅम्पर ताणला जाताना करतो तो विरोध) याच हिशेबाने.

अडचणी दोन. लांब वळणात मध्येच थ्रॉटल सोडला की मागचा भाग बाहेर जातो. आणि हेअरपिनमधून (यू आकाराच्या वळणातून) निघताना थ्रॉटल दिला की नाक वळत नाही, गाडी सरळ पुढे जाते. एकाच गाडीत हे दोन्ही कसं? ट्रॅक्शन कंट्रोल बंद, एबीएस चालू, स्टिअरिंग सिम्युलेशनवर.

सेटअप_वही :
सूत्र स्प्रिंगसाठी बरोबर आहे, अँटी-रोल बारसाठी चूक. पुढे इंजिन असलेल्या गाडीत ही चूक खपून जाते, कारण तिथे सूत्र आपोआप पुढचा बार कडक देतं. ९११ चं इंजिन मागे, म्हणून तेच सूत्र उलटं पडतं.

स्प्रिंग गाडीचं वजन उचलते. मागे ६० टक्के वजन, म्हणून मागची स्प्रिंग पुढच्यापेक्षा साधारण दीडपट कडक हवीच, नाहीतर थ्रॉटल देताच गाडी मागे बसेल. बार उभं वजन उचलत नाही. वळणात गाडी कलली की आतल्या चाकावरचा भार बाहेरच्या चाकावर ढकलायचा, एवढंच त्याचं काम. ज्या टोकाचा बार कडक, त्या टोकाला ही ढकलाढकल जास्त. आणि टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, त्याहून कमी वाढते. आरएसचा मागचा बाहेरचा टायर आधीच दबलेला असतो. ३९ चा बार त्याच्यावर आणखी बोजा टाकतो. तुझी गाडी तिथेच सुटते.

बार पुढे ३२, मागे १६ इथून सुरू कर. स्प्रिंगला हात लावू नकोस.

मग मागचा रिबाउंड. सूत्राने तो १२.४ येतो, ९.५ वर आण. थ्रॉटल सोडला की वजन पुढे जातं आणि मागचा भाग वर उठतो. रिबाउंड कडक असेल तर डॅम्पर चाकाला रस्त्यावरून वर ओढतो आणि टायरवरचा भार झटक्यात कमी होतो. मागचा बम्प (डॅम्पर दबताना करतो तो विरोध) ६ च्या आसपास. एकूण किती वजन पुढे जाणार हे डॅम्परने बदलत नाही, फक्त किती वेगाने जाणार ते बदलतं. पण सुटण्याआधी सावरायला मिळणारा वेळ तिथूनच येतो.

डिफरेन्शियल : डिसेल (थ्रॉटल सोडल्यावरचा लॉक) ३०. याने थ्रॉटल सोडल्यावर मागची दोन्ही चाकं एकमेकांना धरून राहतात आणि शेपूट शांत होतं. अ‍ॅक्सेल (थ्रॉटल देतानाचा लॉक) ४० पुरे. चाकांवर एवढं वजन असताना ही गाडी चाकं फिरवत नाही, आणि ७०-८० टक्के लॉक दिला की दोन्ही चाकं मिळून नाक सरळ ढकलतात. तुझी दुसरी अडचण बरीचशी यातूनच असणार.

टायरचा दाब पुढे २७, मागे २८.५ पीएसआय. मागचा टो (चाकांची तोंडं आत किंवा बाहेर वळलेली असणं) ०.१ ‘इन’च्या बाजूला. कास्टर (पुढच्या चाकांच्या स्टिअरिंग अक्षाचा मागे कल) ५.५.

घाटवाट :
बारबद्दल पूर्ण सहमत. टायरच्या रुंदीबद्दल थोडं : खऱ्या आरएसमध्ये कारखान्याने पुढे ६ इंची आणि मागे ७ इंची रिम दिली, टायर १८५ आणि २१५. म्हणजे मागची पकड वाढवून शेपूट आवरलं. त्याआधी १९६९ च्या मॉडेलला व्हीलबेस ५७ मिमी वाढवला, तोही इंजिन जागेवर ठेवून चाकं मागे सरकवून. डकटेलचं (मागच्या झाकणावरच्या वर वळलेल्या पट्टीचं) कामही हेच, मागची लिफ्ट (हवेने वर उचललं जाणं) कमी करणं. खेळात पीआय उरला असेल तर आधी मागचा टायर रुंद करा, मग ताकदीकडे वळा. टर्बो टाळाच, बूस्ट वळणाच्या मध्ये येतो आणि नेमका तेव्हाच थ्रॉटल सोडावा लागतो. कॅम आणि एक्झॉस्टने ताकद एकसारखी, झटका न देता वाढते.

चालवण्यातही बदल हवा. ब्रेक सरळ रेषेत संपवा, वळणात शिरताना थ्रॉटल २०-३० टक्के धरून ठेवा. वेग जास्त झाला असं वाटलं तरी पूर्ण सोडू नका, अर्धाच कमी करा. तो थोडा थ्रॉटल मागच्या टायरवरचं वजन धरून ठेवतो.

तिसरा_गिअर :
बार ३२/१६, रिबाउंड ९.५, डिफ ४०/३० करून पाहिलं. लांब वळणात मागचा भाग आता हळू सरकतो, सावरता येतो. हेअरपिनमध्ये नाक आधीपेक्षा बरं, पण शिरतानाच थोडं बाहेर जातं. पुढचा बार २४ करू?

सेटअप_वही :
नको, लांब वळणातली अडचण परत येईल. शिरताना नाक बाहेर जात असेल तर डिसेल ३० वरून २४ कर, आणि पुढचा कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) पाहा. टेलिमेट्रीत (खेळातल्या थेट आकड्यांच्या पडद्यावर) वळणाच्या मध्यावर पुढच्या बाहेरच्या टायरचा कॅम्बर शून्याच्या जवळ, किंचित उणे दिसायला हवा. अधिकमध्ये जात असेल तर −१.५ च्या आसपास ने. तरी कमी पडलं तर पुढचा टायर एक पायरी रुंद.

ब्रेक बॅलन्सच्या स्लायडरची दिशा लेबलवर विसंबून ठरवू नकोस. एबीएस बंद करून सरळ रस्त्यावर पूर्ण ब्रेक दाब आणि टेलिमेट्रीत कुठली चाकं आधी लॉक होतात ते बघ. पुढची किंचित आधी व्हायला हवीत. मागची आधी झाली तर हेअरपिनआधीच गाडी फिरेल, मग बार कितीही नीट असू दे.