अवघड काही जमल्यावर जे वाटतं, त्याला शब्द कोणता?

संत्राबर्फी:
आमच्या महिला मंडळाच्या हस्तलिखिताचा यंदाचा विषय आहे 'आव्हानांवर मात आणि आनंद'. मी काकूवर लिहायला घेतलंय. काकूनं पन्नाशी उलटल्यावर स्कूटी शिकायला काढली. रेशीमबागच्या मैदानावर पहाटे गोल गोल फेऱ्या, एकदा गुडघा फोडून घेतला, तरी सोडली नाही. परवा एकटी बर्डीला जाऊन आली, तेही संध्याकाळच्या गर्दीत, लोखंडी पुलाखालून. घरात शिरली तेव्हा डोक्यावर हेल्मेट तसंच होतं आणि बोलत सुटली होती. त्याला नुसतं 'आनंद झाला' म्हटलं की फार गुळमुळीत वाटतं. नवीन फ्रिज आला तरी आनंद होतोच की! 'समाधान' लिहिलं तर सासूबाई म्हणतात, समाधान म्हाताऱ्यांचं. नेमका शब्द सुचवा.

झणझणीत ठेचा:
काकूलेच विचारा ना ताई, काय वाटून राह्यलं म्हणून. आमच्या घरी तर 'जमलं बाप्पा!' म्हणतात. झालं.

शुद्धलेखनवाले काका:
शब्द नंतर शोधू, आधी विषयाचं नाव दुरुस्त करा. आव्हानावर मात करत नाहीत. आव्हान देतात, स्वीकारतात, पेलतात. मात होते ती संकटावर, आजारावर, प्रतिस्पर्ध्यावर. हा बुद्धिबळातला शब्द, फारसी 'शाह मात'मधून आलेला. समोर हरवायला कोणीतरी लागतं. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये बाटुमीला महिला विश्वचषकाच्या अंतिम लढतीत टायब्रेकमध्ये कोनेरू हंपीवर मात केली, हे अक्षरशः बरोबर. पण ग्रँडमास्टर किताबासाठी एरवी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे ठरावीक दर्जाची स्पर्धेतली कामगिरी, हाती नसताना तिथं उतरून थेट ग्रँडमास्टर होऊन परतणं, याला आव्हान पेलणं म्हणा. आणि कृपा करून 'आवाहन' छापू नका. आवाहन गणपतीचं करतात, नाहीतर रक्तदानाचं. 'तरुणांपुढील आवाहने' असा फलक मी या डोळ्यांनी वाचलाय.

संत्राबर्फी:
काका, विषय अध्यक्षबाईंनी ठरवलाय. त्यांना सांगायचं आव्हान मी पेलणार नाही. 😄

महालकर:
शब्द ठरवण्याआधी तो कोणत्या क्रियापदाबरोबर नांदतो ते बघावं. आनंद होतो. सुख लाभतं, मिळतं. धन्यता वाटते. कष्टांचं चीज होतं, आईबापांचे पांग फिटतात. यात 'मी' मुद्दाम काही केलं असं कुठंच नाही. 'आनंद शोधा' हे वाक्य व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांतून आलं असावं. माझी आजी आनंद शोधत नव्हती, ती अडकित्ता शोधायची.

अपवाद समाधानाचा. ते मिळतंही आणि मानताही येतं, आणि गोची तिथंच आहे. बसला जागा मिळाली नाही, दांडा धरायला मिळाला, त्यात समाधान मानलं, ही तडजोड. सासूबाईंना म्हाताऱ्यांचं वाटतं ते हे. काकूला मिळालं ते दुसरं. शिवाय नागपुरात या शब्दावर हिंदीची सावली आहे. 1956 पर्यंत हे शहर आधी सीपी अँड बेरारची (मध्य प्रांत आणि वऱ्हाडची) आणि मग जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं, हिंदी आणि मराठी शेजारी शेजारी नांदल्या. त्यामुळे 'समस्येचं समाधान' आपल्याकडं बिनदिक्कत लिहितात. मराठीत समाधान शंकेचं होतं. समस्येचं निराकरण होतं, नाहीतर तिच्यावर तोडगा निघतो.

कृतार्थ, कृतकृत्य हे भारदस्त शब्द, पण दोन्हींत 'कृत' बसलेलं आहे, म्हणजे केलेलं, उरकलेलं. कृतकृत्य म्हणजे करायचं ते सगळं करून झालेला. निवृत्तीच्या सत्काराला शोभतो. काकूची गाडी तर आत्ता कुठं निघालीय!

माझं मत हुरूप. हुरूप येतो, चढतो, वाढतो. झालेल्याची खुशी त्यात आहे आणि पुढचं करून बघायची खुमखुमीही आहे.

इतवारीवाला:
महालकर, हुरूप म्हणजे साधा उत्साह ना? एक जानेवारीला फुटाळ्यावर पळायला येणाऱ्या समद्यांना असतोच की तो. पंधरा तारखेला कोणी दिसत नाही.

महालकर:
तो उत्साह. उत्साहाला कारण लागत नाही, काम सुरू व्हायच्या आधीही तो असतो. हुरूप यायला आधी काहीतरी घडावं लागतं. एक गणित सुटलं, गुरुजींनी पाठ थोपटली, पोराला हुरूप आला, त्यानं पुढची तीन सोडवली. 'काही न करता हुरूप आला' हे वाक्य म्हणून बघा, जिभेवर अडेल.

शुद्धलेखनवाले काका:
हुरूप मान्य, पण गीतेतलं विसरू नका. अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार सांगितलेत. त्यातलं सात्त्विक सुख 'अग्रे विषमिव, परिणामे अमृतोपमम्'. सुरुवातीला विषासारखं, शेवटी अमृतासारखं. फुटलेला गुडघा यात चपखल बसतो. त्याच्या आधीच्या श्लोकात 'अभ्यासाद् रमते' आहे. अभ्यास म्हणजे पुस्तक घेऊन बसणं हा अर्थ आपण शाळेपायी अरुंद केला. मुळात पुन्हा पुन्हा करणं. पुन्हा पुन्हा करता करता माणूस रमतो. मैदानावरच्या फेऱ्यांसाठी 'रमली' हे क्रियापद वापरून बघा.

इंदोरा चौक:
एक भर घालते. काकूसाठी शब्द झाला, पण ताई, तुमच्यासाठी? दुसऱ्याचं भलं झालेलं बघून आपल्याला जो आनंद होतो त्याला मुदिता म्हणतात. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा, असं चौघांत नाव घेतात. दीक्षाभूमीच्या या गावात धम्म प्रवचनाला बसणाऱ्या घरांत हा शब्द ओळखीचा आहे. एवढंच की त्यातली 'उपेक्षा' रोजच्या मराठीतली समजू नका. इथं तिचा अर्थ समभाव; दुर्लक्ष करणं नव्हे. माझ्या जाऊबाईंनी हे न कळल्यामुळे पूर्ण प्रवचनभर कपाळाला आठ्या घातल्या होत्या.

संत्राबर्फी:
मुदिता फार आवडला, पण मंडळात दोन मुली त्या नावाच्या आहेत, वाचणाऱ्यांना त्यांच्यावरच लिहिलंय वाटेल. काकूला विचारलं. ती म्हणाली, "आनंदबिनंद मले माहीत नाही, उद्या कळमन्याहून संत्री आणायची म्हणतो." म्हणजे महालकरांचा हुरूपच. तो पुल्लिंगीच ना? आणि रू दीर्घ?

शुद्धलेखनवाले काका:
तो हुरूप. रू दीर्घ. 'हुरुपाने' लिहिताना मात्र ऱ्हस्व करा.