जॉर्जियाचा एसबी २०२: मतदारांना खरंच अडवलं का?

अटलांटावाला: मंडळी, इथे जॉर्जियात २०२१ च्या मार्चमध्ये गव्हर्नर केम्पनी एसबी २०२ या नव्या निवडणूक कायद्यावर सही केली, त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. घरून मत पाठवायचं तर आता सही जुळवण्याऐवजी लायसन्स किंवा आयडीचा नंबर द्यावा लागतो. ड्रॉप बॉक्स, म्हणजे भरलेली मतपत्रिका टाकायच्या पेट्या, केंद्राच्या आत आणि केंद्र चालू असेपर्यंतच. आणि केंद्रापासून १५० फुटांत रांगेतल्या माणसाला पाणी दिलं तर गुन्हा. बायडेन याला जिम क्रोचा, म्हणजे काळ्यांना मतदानापासून दूर ठेवणाऱ्या जुन्या कायद्यांचा, नवा अवतार म्हणाले, बेसबॉलवाल्यांनी ऑल-स्टार मॅच डेन्व्हरला हलवली. माझ्या मते उगाच बोंबाबोंब. आपण भारतात ओळखपत्र दाखवतोच की! २०२२ ला मध्यावधी निवडणुकीत अर्ली व्होटिंगचा, म्हणजे मतदानाच्या दिवसाआधी केंद्रावर जाऊन मत देण्याचा, रेकॉर्ड झाला, मग अडलं कोण?

रस्सा_जास्त: तुलना अर्धीच का करता राव? आपल्याकडे यादीसाठी बीएलओ घरी येतो, मतदानाला पगारी सुट्टी, ओळखपत्र नसलं तर आधार, पासपोर्ट, पासबुक काहीतरी चालतंच. तिकडे मंगळवारी कामावरून पळत जायचं. जून २०२० च्या प्रायमरीत (पक्षाचे उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत) अटलांटात लोक तासनतास उभे होते, तेही कोव्हिडमध्ये. रांग कमी करायची सोडून पाणी देणाऱ्याला पकडा, काय डोकं आहे!

नियमात_बसवा: पाणी पिण्यावर बंदी नाहीये हो, वाटण्यावर आहे. केंद्रातले कर्मचारी पाणी ठेवू शकतात, ज्याला हवं त्याने घ्यावं. आपल्याकडेही १०० मीटरच्या आत प्रचार चालत नाही. उद्या कुणी नगरसेवकाच्या नावाच्या बाटल्या रांगेत वाटल्या तर तुम्हीच फोटो टाकाल ना?

रस्सा_जास्त: मग नाव छापलेल्या बाटल्यांवर बंदी घाला. साध्या पाण्यावर कशाला? २०२३ मध्ये कोर्टानेसुद्धा १५० फुटांबाहेरच्या रांगेपुरती ही बंदी थांबवली होती.

सातारकर_काकू: सगळे पाण्यातच अडकलेत. २०२० ला बायडेन इथे ११,७७९ मतांनी जिंकले, मग ट्रम्पनी राज्याच्या निवडणुका बघणारे सेक्रेटरी ऑफ स्टेट राफेन्सपर्गर यांना फोन करून ११,७८० मतं शोधा म्हटलं, ते बधले नाहीत. आणि लगेच या कायद्याने राज्य निवडणूक मंडळाचं अध्यक्षपद सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून, म्हणजे त्यांच्याकडूनच काढलं, शिवाय त्या मंडळाला काउंटीचे (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) निवडणूक अधिकारी निलंबित करायचा अधिकार दिला. एक मतदार हव्या तेवढ्या लोकांच्या नावांवर हरकत घेऊ शकतो. याला काय म्हणायचं, योगायोग?

अटलांटावाला: काकू, मंडळाचा मुद्दा मान्य, ते खटकतंच. पण ड्रॉप बॉक्स २०२० च्या आधी इथे नव्हतेच, कोव्हिडमुळे आले. कायद्याने प्रत्येक काउंटीला निदान एक सक्तीचा केला, अर्ली व्होटिंगला दोन शनिवारही सक्तीचे.

सातारकर_काकू: निदान एक आणि जास्तीत जास्त लाख मतदारांमागे एक, हेही सांगा. खेड्यातल्या काउंटीला तो पुरेल, अटलांटाच्या फुल्टनसारख्या दहा लाखांवर वस्तीच्या काउंटीत तेवढ्यात काय होणार? आणि संध्याकाळी केंद्र बंद झालं की पेटीही बंद, मग दुसऱ्या शिफ्टवाल्याने मत टाकायचं कधी?

नियमात_बसवा: पोस्टाने पाठवावं. पोस्टाची पेटी चोवीस तास उघडी असते.

रस्सा_जास्त: आणि पोस्टाच्या मतपत्रिकेसाठी अर्जच करायचा राहिला असेल तर? आधी मतदानाच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत चालायचा, आता ११ दिवस आधीच खिडकी बंद. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्ये पडलेल्या माणसाने काय करायचं ते सांगा आधी.