विषय: आर्किटेक्टनं निवडणुकीला उभं राहावं का?

नमस्कार मंडळी,
माझी भाची पणजीत आर्किटेक्ट आहे. आता महापालिकेची निवडणूक लढवायची म्हणतेय आणि घरात रडारड चालू आहे. ताईचं एकच पालुपद, ‘शिकलीस ती घरं बांधायला, की दारोदार मतं मागायला?’ असं आधी कुणी केलंय का? लिस्टवरच्या गोंयकारांनी लिहावं.
(मस्कतहून)

उत्तर:
ताईंना जायमे लर्नरची गोष्ट सांगा.

मी बोटीवर असताना ब्राझीलच्या परानाग्वा बंदराला सोयाबीन भरायला लागलो, की सुट्टीच्या दिवशी घाट चढून कुरितीबा शहरात जायचो. तिथला बसस्टॉप म्हणजे आडवी ठेवलेली काचेची नळी. तिकिटाचे पैसे नळीत शिरतानाच द्यायचे. बस लागली की दारातून फळी पडते आणि नळीची नि बसची जमीन एक होते. माझ्यासमोर एक म्हातारी बाजाराची भरलेली पिशवी घेऊन सरळ चालत आत गेली. कदंबाच्या, म्हणजे आपल्या गोव्याच्या सरकारी बसच्या, पायरीवर लुगडं सावरत चढणारी माझी आई मला तिथे आठवली.

हे करणारा लर्नर त्याच गावचा आर्किटेक्ट, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबातला. १९७१ साली, ३३व्या वर्षी महापौर झाला. दुसऱ्याच वर्षी त्यानं भर बाजारातला ‘१५ नोव्हेंबर’ रस्ता (आपल्या पणजीतल्या ‘१८ जून’ रस्त्यासारखंच तारखेचं नाव) गाड्यांना बंद केला. दुकानदार खवळलेले. कोर्टाची स्थगिती यायच्या आत व्हावं म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काम काढलं, ७२ तासांत फरशी, दिवे, फुलझाडं सगळं तयार! पुढे काही गाडीवाले मुद्दाम गाड्या घालणार असं कानावर आलं, तेव्हा त्यानं रस्ताभर कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं. पोरांच्या अंगावर गाडी कोण घालणार?

एक गोष्ट मात्र ताईंपासून लपवू नका. तो तीनदा महापौर झाला, त्यातल्या पहिल्या दोन्ही वेळा त्याला लष्करी राजवटीनं नेमलं होतं. १९८५ साली मतं मागायला उतरला, तेव्हा हरला. १९८८ साली पुन्हा उतरला. प्रचाराला मिळाले १२ दिवस, तरी निवडून आला. मला हीच खेप सगळ्यांत मोलाची वाटते. त्या काचेच्या नळ्या याच खेपेतल्या, १९९१च्या. कचऱ्याच्या बदल्यात भाजी द्यायचं कामही तेव्हाचंच: गाडी शिरत नाही अशा वस्तीतल्या लोकांनी कचरा आणून द्यायचा आणि ताजी भाजी घरी न्यायची. नंतर तो दोनदा पराना राज्याचा गव्हर्नर झाला. २०२१ साली गेला.

नकाशा कुणीही चांगला काढेल हो, पण त्यावर सही करणारा हात वेगळाच असतो. भाचीला तो हात हवा असेल, तर अडवू नका.
(पणजीहून)

उत्तर:
काका, तुमचा मेल ताईला फोनवर वाचून दाखवला. भाचीनं शाळेसमोरच्या फूटपाथचा काढून दिलेला नकाशा दोन वर्षं कुणाच्या तरी कपाटात पडून आहे, हे मला आजच कळलं. ताई निवडणुकीबद्दल काही बोलली नाही. तिचे गुडघे दुखतात ना, तिनं एवढंच विचारलं, ‘ती म्हातारी खरंच एकही पायरी न चढता बसमध्ये गेली?’