‘फक्त कामाचे मेसेज’ ग्रुप: आजींच्या घड्याळावरून

स्मिता (बी-४०३): कालचा प्रकार सगळ्यांना माहीत आहेच. ए-२०२ च्या आजी बाथरूममध्ये पडल्या आणि तासभर कुणाला पत्ता नाही. मुलाने न्यू जर्सीहून आणलेलं, माणूस पडला की आपोआप फोन लावणारं घड्याळ टीव्हीशेजारी चार्जिंगला! मग उपयोग काय त्याचा?

गोखले (बी-१०२): आजी कशा आहेत?

स्मिता (बी-४०३): फ्रॅक्चर नाही. माकडहाड ठणकतंय. पण विषय तो नाही.

सबनीस काका (ए-१०१): लॅचची दुसरी किल्ली कुणाकडेच नव्हती. सुतार येईपर्यंत आम्ही दाराबाहेर उभे. किल्लीचे काय ते ठरवा.

अभय (सी-३०१): घड्याळाचा दोष नाही हो. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ च्या सिरीज ४ पासून आहे. जोरात पडलं की आधी ते मनगटावर टकटक करतं, वाजतं. माणूस मिनिटभर हलला नाही, तर इमर्जन्सीला आपणहून फोन लावतं आणि घरच्यांना लोकेशन पाठवतं. वय ५५ च्या पुढचं टाकलेलं असेल तर चालूच असतं, नाहीतर सेटिंगमध्ये जाऊन करावं लागतं. फक्त ते हातात हवं.

वैशाली (बी-२०१): 🌹 शुभ सकाळ 🌹 आज चतुर्थी

अभय (सी-३०१): आंघोळीच्या वेळी चार्जिंगला लावणं हीच चूक होते. पडतात तिथेच. पाण्याने काही होत नाही, साबण लागला तर धुवून टाका. चार्जिंग संध्याकाळी मालिका बघताना.

मंदार (सी-४०२): मालिकेतली सासू बघून आमच्या आईचे ठोके वाढतात, घड्याळ तेव्हाच हवं 😂

गोखले (बी-१०२): आम्ही बाबांना दोन हजारात घेतलं. त्यावरही एसओएस लिहिलंय.

अभय (सी-३०१): ते ब्लूटूथवर चालतं. बाबा गच्चीत आणि फोन उशीखाली, की संपलं. महागातलंही नुसतं जीपीएसवालं घेतलंत तर फोन नाहीतर ओळखीचं वायफाय लागतंच. सेल्युलरवालं, म्हणजे फोन जवळ नसतानाही स्वतः कॉल लावणारं घ्या, जिओ किंवा एअरटेलचं ई-सिम टाकून. घरात कुणाकडेच आयफोन नसेल तर सॅमसंगचं बघा.

गोखले (बी-१०२): म्हणजे आमचं टाकाऊच म्हणा ना सरळ.

अभय (सी-३०१): मी तसं म्हटलं नाही.

सबनीस काका (ए-१०१): घड्याळ सेल्युलर असो वा सोन्याचे, दार कोण उघडणार? किल्ली.

वैशाली (बी-२०१): विषय निघालाच आहे तर, काल ॲम्ब्युलन्स आत वळेना. गेटशी कुणाची तरी पांढरी गाडी. नाव घेत नाही.

मंदार (सी-४०२): पाहुण्यांची होती. दहा मिनिटं.

वैशाली (बी-२०१): पाहुणे दिवाळीपासून आहेत वाटतं 😊

सेक्रेटरी: पार्किंगसाठी वेगळा ग्रुप आहे. कृपया 🙏

डॉ. प्राची (सी-१०४): दोन गोष्टी लक्षात ठेवा. भिंतीला धरून हळूच घसरत खाली बसलं, तर घड्याळाला ते पडणं वाटेलच असं नाही. आणि त्याला हार्ट अटॅक कळत नाही. ईसीजीत ठोक्यांची एका प्रकारची अनियमितता दिसते, बस. छातीत दुखलं तर मनगटाकडे बघत बसू नका, १०८ लावा. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि खाली न घसरणारी मॅट आधी करा, घड्याळ मग.

अभय (सी-३०१): बरोबर. अजून एक, बॅटरी वाचवायला घड्याळ मनगटावर आहे का हे ओळखायचं सेटिंग बंद करू नका. ते बंद असेल तर कितीही आपटलं तरी आपोआप फोन जात नाही.

संदीप (ए-२०२, यूएस): सर्वांचे आभार. सबनीस काका, तुमचे विशेष. दिवाळीत मी स्वतः बसून आईला सगळं लावून दिलं होतं. पट्ट्याने खाज येते म्हणून ती काढून ठेवते. कोणी आईला काय घेऊन द्यावं यावर इथे चर्चा नसती झाली तर बरं.

स्मिता (बी-४०३): राग नको, संदीप. पण इमर्जन्सीला नंबर एकच, तुझा. आपल्याकडे सकाळचे अकरा म्हणजे तुझ्याकडे मध्यरात्र. मेसेज आला असता आणि तू जागा झाला असतास, तरी उठवणार कुणाला होतास? आम्हालाच ना?

संदीप (ए-२०२, यूएस): खरंय. इथल्या दोघांचे नंबर घालतो. कुणाचे चालतील?

सबनीस काका (ए-१०१): नंबरबरोबर किल्लीसुद्धा. आणि वहिनींना सांग, रात्री आतून कडी घालू नका, नुसते लॅच. कडी असली की किल्ली असून नसल्यासारखी.

संदीप (ए-२०२, यूएस): कडीशिवाय तिला झोप लागत नाही. बोलतो. काका, किल्ली तुमच्याकडेच ठेवू?

सबनीस काका (ए-१०१): माझ्याकडे नको. रात्री कानातले यंत्र काढले की मला ढोल वाजला तरी कळत नाही.

मंदार (सी-४०२): 😂😂 सकाळपासून किल्ली किल्ली कोण करत होतं?

सेक्रेटरी: वॉचमनकडे?

वैशाली (बी-२०१): अजिबात नाही. वॉचमन महिन्याला बदलतो. मागच्या मीटिंगचा विषय.

नेहा (ए-२०१): आमच्याकडे द्या. समोरचंच दार आहे आणि बाळामुळे रात्री आम्ही जागेच असतो. संदीपदादा, माझा आणि सासूबाईंचा नंबर घाल. पट्टा कापडी आणून देते काकूंना, खाज येणार नाही.

संदीप (ए-२०२, यूएस): 🙏🙏

सेक्रेटरी: एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांनी किल्ली कुणाकडे आहे ते ऑफिसच्या वहीत लिहावे. रविवारी ११ वाजता अभय सर्वांची घड्याळे तपासून देतील.

अभय (सी-३०१): मला विचारलं असतंत तर बरं झालं असतं. साडेअकराला येतो.

गोखले (बी-१०२): दोन हजारांचं चालेल का आणायला?